विषाणू उतरतो, आजार चढतो

मृग लागला की कोल्हापुरातल्या दवाखान्यांमध्ये एक मागणी हमखास कानावर येते. "डॉक्टर, पॉवर वाढायचं एखादं सलाईन लावा की." पॉवर म्हणजे प्रतिकारशक्ती. तोवर घरात काढा उकळून झालेला असतो, हळद-दूध झालेलं असतं, आणि वाटीभर तांबडा रस्सा ओढला की सर्दी पळालीच म्हणून समज, असं सांगणारं कुणीतरी असतंच. रश्श्याशी माझं काही वाकडं नाही. गरम, पातळ, मिठाचं काही पोटात गेलं तर आजाऱ्याला बरं वाटतं, चोंदलेलं नाक घटकाभर मोकळं होतं. वाकडं आहे ते या 'पॉवर'शी. प्रतिकारशक्ती ही एकच गोष्ट आहे, ती कमी असते किंवा जास्त असते, आणि जास्त असणं नेहमी चांगलं, या समजुतीशी.

फ्लू, कोविड किंवा आरएसव्ही (मुख्यतः बाळांना आणि म्हाताऱ्यांना छळणारा श्वसनाचा विषाणू) यांनी अत्यवस्थ होऊन आयसीयूत आलेल्या माणसाकडे नीट पाहिलं तर ही समजूत टिकत नाही. त्याच्या प्रतिकार यंत्रणेचा पहिला भाग बहुधा उशिरा जागा झालेला असतो, दुसरा सुरू झाल्यावर थांबायला तयार नसतो आणि तिसरा थकून रिकामा झालेला असतो. तिन्ही गोष्टी एकाच माणसात, बऱ्याचदा एकाच दिवशी. यात पॉवर वाढवायची ती नेमकी कशाची?

जागा आधी समजून घेऊ. दोन्ही फुफ्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. सगळे उलगडून पसरले तर अंदाजे ७० चौरस मीटर भरतील. वायुकोशातली हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतलं रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ. इतका पातळ आहे म्हणूनच ऑक्सिजन निमिषार्धात पलीकडे जातो, आणि म्हणूनच इथली सूज परवडत नाही. घोट्याला सूज आली तर माणूस लंगडतो, इथे आली तर श्वास अडतो. या पडद्यावर दोन जातींच्या पेशी. पहिल्या चपट्या, पृष्ठभागाचा ९५ टक्के भाग व्यापणाऱ्या. दुसऱ्या घनाकार, थोड्या जागेत बसणाऱ्या, पण सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध थर तयार करणाऱ्या. श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटत नाहीत ते या थरामुळे. कोविडच्या विषाणूला पेशीत शिरायला लागणारा एसीई-२ हा दरवाजा नेमका या दुसऱ्या जातीवर आहे. म्हणजे पहिला घाव सर्फॅक्टंट बनवणाऱ्यांवरच.

विषाणू पेशीत शिरला की तिथल्या संवेदक प्रथिनांना परका आरएनए दिसतो. आरआयजी-आय आणि टीएलआर-७ ही त्यांतली दोन महत्त्वाची. ती जागी झाली की काही तासांतच पेशी इंटरफेरॉन सोडते. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी हा पदार्थ शोधला. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही. तो शेजारच्या पेशींना सावध करतो, आणि त्या शेकडो जनुकं चालू करतात: कुणी विषाणूचा आरएनए तोडतं, कुणी प्रथिननिर्मितीच थांबवतं, म्हणजे विषाणूला आपल्या प्रती काढायला कारखाना मिळत नाही. हे सगळं ताप जाणवण्याच्या आत घडलं, तर बहुतेक वेळा आजार दोन-चार दिवसांच्या सर्दीवर निभावतो. आपण त्याचं श्रेय काढ्याला देतो.

विषाणूंनाही हे ठाऊक असल्यासारखी त्यांची तयारी असते. इन्फ्लुएन्झाचं एनएस-१ हे प्रथिन विषाणूचा आरएनए झाकून ठेवतं आणि आरआयजी-आयला जागं होऊ देत नाही. कोविडच्या विषाणूचं ओआरएफ-६ हे इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या केंद्रकात शिरण्याआधीच अडवतं. आरएसव्हीकडे याच कामासाठी दोन प्रथिनं आहेत. धोक्याची सूचना अशी दोन-तीन दिवस दाबून ठेवली जाते आणि तेवढ्यात विषाणूच्या प्रती बेसुमार वाढतात. मग इंटरफेरॉन येतो, पण उशिरा. उशिरा आलेला इंटरफेरॉन निरुपयोगी असतो इतकंच नाही, तो घातक ठरू शकतो. २०१६ साली सार्सच्या विषाणूवर उंदरांमध्ये झालेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं: तोच पदार्थ वेळेवर मिळाला तर उंदीर वाचले, उशिरा आला तर फुफ्फुसात दाहकारक पेशींची गर्दी करून बसला. कोविडमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं देऊन पाहिली गेली. फायदा झाला नाही, यात आश्चर्य नव्हतं.

काहींच्या बाबतीत अडचण विषाणूच्या चलाखीची नसतेच, ती आधीपासून शरीरात असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोविडच्या ९८७ अत्यवस्थ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडली. त्या १०१ पैकी ९५ पुरुष. लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य आजार झालेल्या ६६३ जणांत मात्र एकाकडेही ती नव्हती. ही प्रतिपिंडं आजारामुळे तयार झालेली नव्हती, आधीपासूनच होती. सत्तरीनंतर त्यांचं प्रमाण झपाट्यानं वाढतं, आणि पुढे गंभीर फ्लूच्या रुग्णांतही ती सापडली. "आबा तर ठणठणीत होते, रोज रंकाळ्याला चक्कर मारायचे, मग त्यांनाच एवढं कसं काय झालं?" या प्रश्नाचं एक उत्तर इथे असू शकतं. चालण्यानं हृदय आणि फुफ्फुसं चांगली राहतात, पण रक्तातली ही प्रतिपिंडं चालून जात नाहीत, आणि नेहमीच्या कुठल्याही तपासणीत दिसतही नाहीत.

आता दुसरा भाग. वायुकोशांत मुळात मॅक्रोफेज पेशी राखणीला असतात. एरवी त्यांचं धोरण शांततेचं: धूळ गिळायची, मेलेल्या पेशी उचलायच्या, गवगवा करायचा नाही. (शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षं वाळूची बारीक धूळ ओढणाऱ्या कामगाराच्या या पेशी सिलिका गिळून गिळून आधीच मेटाकुटीला आलेल्या असतात. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण साथीच्या काळात तो वेगळा राहत नाही.) विषाणूचा भार हाताबाहेर गेला की रक्तातून नव्या, तापट मोनोसाइट पेशी येतात आणि टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ असे संदेश सोडत सुटतात. त्या हाकेला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावतात. न्यूट्रोफिलकडे एक टोकाचं हत्यार असतं: मरता मरता स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकायचा आणि त्यात जंतू अडकवायचा. २००४ साली हे पहिल्यांदा दाखवलं गेलं. जिवाणूंविरुद्ध ते कामाचं, पण एका मायक्रोमीटरच्या पडद्याशेजारी ते पसरलं की जाळ्यातली विकरं आपल्याच पेशी भाजून काढतात आणि जाळ्यावर रक्त गोठायला लागतं.

केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचे सांधे सुटतात. प्रथिनयुक्त द्रव वायुकोशात झिरपतो, सर्फॅक्टंट निकामी होतो, वायुकोश मिटतात. रक्त त्या मिटलेल्या कोशाशेजारून जातं, पण ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. म्हणून अशा रुग्णाला मास्कमधून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन दिला तरी रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा हवा तसा चढत नाही. १९६७ साली अशा १२ रुग्णांचं वर्णन पहिल्यांदा छापलं गेलं. आज त्याला एआरडीएस म्हणतात, म्हणजे फुफ्फुसं अचानक सुजून श्वास अपुरा पडणं.

नातेवाइकांना इथे एक गोष्ट पटवणं फार अवघड जातं: विषाणू कमी झाला तरी माणूस बिघडू शकतो. कोल्हापूरकराला ती नदीवरून पटावी. पाणलोटातला पाऊस थांबला म्हणून पंचगंगा त्याच दिवशी उतरत नाही. खाली कृष्णा तुडुंब असते, तिच्या अडलेल्या पाण्याची फूग मागे येते, आणि आंबेवाडी-चिखलीत पाणी दिवसेंदिवस तसंच उभं राहतं, उतरलं की घरात गाळ ठेवून जातं. कोविडमध्ये घशातला विषाणू लक्षणं सुरू होण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, दम मात्र सातव्या ते दहाव्या दिवशी लागतो. तोवर जिवंत विषाणू बऱ्याचदा हाती लागत नाही. पाण्याला मात्र उतरायची घाई नसते, आणि गाळ म्हणजे वायुकोशात साचलेला प्रथिनांचा काचेसारखा थर आणि पुढे त्यावर चढणारे व्रणतंतू. फ्लूमध्ये हे सगळं लवकर होतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला तेव्हा ही घाई सगळ्यांनी अनुभवली.

टीएनएफ, आयएल-६ यांसारख्या संदेश-रसायनांना सायटोकाइन म्हणतात, आणि या साऱ्याला सायटोकाइनचं वादळ म्हणायची पद्धत पडली आहे. चित्र म्हणून ठीक, पण त्यामुळे रक्तात या रसायनांचा महापूर असतो असं वाटतं. तसं नसतं. कोविडच्या गंभीर रुग्णांच्या रक्तातलं आयएल-६ हे जिवाणूजन्य सेप्सिसच्या (जंतुसंसर्गानं सगळं शरीर बिघडलेल्या) रुग्णांपेक्षा सरासरीनं कितीतरी पट कमी निघालं. म्हणजे सगळा घोटाळा प्रमाणाचा नाही, जागेचा आणि वेळेचाही आहे. त्यात रक्तवाहिन्यांची भर. कोविडनं मृत्यू पावलेल्यांच्या फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या फ्लूनं दगावलेल्यांपेक्षा नऊपट आढळल्या. पाहिलेली फुफ्फुसं मोजकीच होती, पण रक्त पातळ करणारी हेपरिनची इंजेक्शनं उपचारात का आली याचा अंदाज त्यावरून येतो.

तिसऱ्या, रिकाम्या झालेल्या भागाबद्दल लोक सर्वांत कमी बोलतात. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर तो साध्या डोळ्यांनी दिसतो. एकूण पांढऱ्या पेशी ५,००० आणि लिम्फोसाइट १२ टक्के, तर गुणाकार करा: ६००. हजाराच्या खाली म्हणजे टी पेशी (विषाणूग्रस्त पेशी ओळखून मारणारे लिम्फोसाइट) रक्तातून गळाल्या आहेत. काही फुफ्फुसात गेल्या, काही मेल्या, उरलेल्या थकल्या. त्याच वेळी मोनोसाइटही जिवाणू ओळखायला ढिले पडतात. फ्लूच्या बाबतीत हे फार जुनं दुखणं आहे: विषाणूशी लढताना तयार होणारा गॅमा इंटरफेरॉनच मॅक्रोफेजची न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा जिवाणू गिळण्याची क्षमता कमी करतो. १९१८ च्या साथीत भारतात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसं गेली, आणि जगभर जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून दिसतं की बहुतेकांना शेवटी जिवाणूंच्या न्यूमोनियानं गाठलं. म्हणून फ्लूचा ताप उतरून माणूस दोन दिवस बरा वाटला आणि पाचव्या-सातव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप, पिवळा-तांबूस बेडका, छातीत टोचणं सुरू झालं, तर तो 'उरलेला फ्लू' नसतो. त्या दिवशी अँटिबायोटिक लागतं. पहिल्या दिवशी सर्दीवर घेतलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांनी यातलं काहीच टळत नाही.

उपचारांची खरी कसोटी याच तिन्हींमधून वाट काढण्यात आहे, आणि सर्वांत जास्त गोंधळ झाला तो स्टिरॉइडचा. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात मात्र आकडा उलटा सरकला: औषध न घेतलेल्यांत १४, घेतलेल्यांत १७.८. हा शेवटचा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, पण फायदा नाही एवढं तरी निश्चित झालं. गोळी तीच, डोस तोच. बदलला तो आजाराचा टप्पा. ज्या दिवशी शरीराला इंटरफेरॉन आणि टी पेशी हव्या असतात त्या दिवशी स्टिरॉइड दिलं तर ते नेमकं त्यांनाच दाबतं.

२०२१ ची दुसरी लाट राज्यात इतरत्र ओसरू लागली तरी कोल्हापुरात जून-जुलैपर्यंत आकडे वरच होते. त्या काळात गल्लोगल्ली पहिला प्रश्न "स्कोअर किती?" हा असे. सीटी स्कॅनचा २५ पैकी स्कोअर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढलेला सीटी स्वच्छ निघू शकतो आणि आठव्या दिवशी त्याच माणसाला ऑक्सिजन लागू शकतो, हे त्या आकड्यात मावत नाही. आणि स्कोअर २-३ आला म्हणून ऑक्सिजन ९८ असतानाच स्टिरॉइड सुरू करणं ही तर सरळसरळ चूक होती. वर साखर पाहायचीच नाही. स्टिरॉइडनं साखर चढते, चढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल मंदावतात, आणि मंदावलेल्या न्यूट्रोफिलना म्युकरची बुरशी आवरत नाही. देशभर म्युकरमायकोसिसची जी लाट आली तिच्यामागे मधुमेह आणि बेहिशेबी स्टिरॉइड हीच जोडी मुख्य होती. फ्लूमध्ये तर स्टिरॉइडनं मृत्यू वाढतात असंच बहुतेक निरीक्षणं सांगतात. कोविडचा धडा फ्लूला जसाच्या तसा लावता येत नाही. फ्लूमध्ये पहिल्या ४८ तासांत ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध, मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, हे महत्त्वाचं. गंभीर रुग्णाला उशीर झाला तरी ते देतात.

सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या गावात सीआरपीची चिठ्ठी घेऊन गेलं की थोडा गोंधळ होतोच, पण रक्तातलं सुजेचं प्रथिन मोजणारी ही तपासणी वाचायला शिकावी. आयएल-६ यकृताला सांगतं, यकृत सीआरपी बनवतं. सहाएक तासांत ते वाढायला लागतं आणि साधारण १९ तासांत निम्मं होतं. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा कालचा आणि आजचा शेजारी ठेवून वाचावा. एकक तपासा: एका लॅबचं मिलिग्रॅम प्रति लिटर आणि दुसरीचं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर यांत दहापटींचा फरक असतो. रक्तातल्या गुठळ्यांचा माग देणाऱ्या डी-डायमरचंही तसंच, दोन एकक पद्धतींत दुपटीचा फरक पडतो. आणि एक सापळा: टोसिलिझुमॅब दिलेल्या रुग्णाचं सीआरपी कोसळतं, कारण औषध आयएल-६ चाच रस्ता अडवतं. आत जिवाणू वाढत असले तरी कागद छान दिसतो. त्या रुग्णात सीआरपीवर विसंबू नये.

घरी मात्र कागदापेक्षा श्वास मोजणं उपयोगाचं. आजाऱ्याला न सांगता, छाती-पोटाकडे पाहत, पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला २४ च्या वर गेले तर दवाखाना, ३० वर गेले तर थेट रुग्णालय. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, नखाला रंग नको, आणि आकडा अर्धा मिनिट स्थिर झाल्यावरच वाचावा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन थोडा जास्त दाखवू शकतं, हे आपल्याकडे लक्षात ठेवायलाच हवं. बसून ९४ किंवा जास्त असेल तर सपाट फरशीवर सहा मिनिटं चालवून पुन्हा पाहावं. आकडा ३ नं घसरला किंवा ९४ च्या खाली आला तर थांबू नये. बसूनच ९४ च्या खाली असेल तर चालवूच नये.

व्हेंटिलेटरबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण सुजलेल्या फुफ्फुसात जास्त हवा दाबली की ताणानंच नवी सूज येते आणि सगळं चक्र पुन्हा फिरतं. २००० सालच्या मोठ्या चाचणीत श्वासामागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर प्रति किलो हवा दिली तेव्हा मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. हे किलो वजनकाट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले. १७५ सेंटिमीटरचा, १२० किलोचा पैलवान घ्या. त्याचं हिशेबाचं वजन ७०.६ किलो, म्हणजे एका श्वासाला ४२४ मिलिलिटर. काट्यावरच्या वजनानं धरलं तर ७२० होतील. तालमीत छाती कितीही भरली तरी आतले वायुकोश उंचीच्याच मापाचे राहतात. रुग्णाला दिवसाचे किमान १६ तास पालथं झोपवणं हाही असाच साधा, कष्टाचा आणि परिणामकारक उपाय. त्याला चार-पाच जणांचे हात लागतात, औषध लागत नाही.

लस ही तेवढी एक गोष्ट आहे जी वेळेचा प्रश्न आधीच सोडवते: प्रतिपिंडं आणि स्मृतीपेशी तयार असतात, इंटरफेरॉनला उशीर झाला तरी सगळा भार त्याच्यावर पडत नाही. आपल्याकडे फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात असतो, म्हणून लस मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत घ्यावी. परिणाम यायला दोन आठवडे लागतात. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, मधुमेही, दमेकरी यांनी तर नक्कीच. प्रतिकारशक्ती चुकीच्या दिशेनं शिकवली तर काय होतं याचाही दाखला लशींच्याच इतिहासात आहे. १९६६ साली अमेरिकेत बाळांना फॉर्मेलिननं मारलेल्या आरएसव्ही विषाणूची लस दिली गेली. पुढे लागण झालेल्या लसवाल्या बाळांपैकी ८० टक्के रुग्णालयात गेली, दोन दगावली. ती लस न मिळालेल्या गटात हेच प्रमाण ५ टक्के होतं. प्रतिपिंडं भरपूर तयार झाली होती, पण विषाणू रोखणारी नव्हेत, चिकटून सूज वाढवणारी. ही गाठ सुटून आरएसव्हीच्या लशी बाजारात यायला २०२३ उजाडलं.

आजाऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेताना सोबत दोन गोष्टी न्याव्यात. पहिल्या लक्षणाची तारीख, ताप कधी आला ती; रिपोर्ट पॉझिटिव्ह कधी आला ती नव्हे. आणि आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं. त्यांवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन यांतलं काही छापलेलं असेल तर ते आणि किती दिवस घेतलं ते आधी सांगावं. कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या, नाव नसलेल्या गोळ्या असतील तर पुडीच घेऊन जावी, फेकू नये.